‘हे सर्व कोणी केले?’ : एका प्रश्नाचा इतिहास

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस बौद्ध लेणी आहेत. परिसरातील लोक त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘पांडवलेणी’ म्हणत आले. एवढा अखंड कातळ साध्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने पोखरला असेल, हे पाहणाऱ्याला खरे वाटत नसे. म्हणून वनवासातील भीमाचे बाहुबळ मदतीला घ्यावे लागले. महाराष्ट्रात इतरही अनेक लेण्यांविषयी अशीच कथा ऐकू येते. गंमत अशी की, ही लेणी कोणी कोरवून घेतली हे त्याच भिंतींवर कोरून ठेवलेले होते. फक्त ती ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, पुढे हे लेख वाचले गेले आणि पांडवांच्या जागी खरी माणसे दिसू लागली : गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, धम्मदेवाचा पुत्र यवन इंद्राग्निदत्त. उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय केली, इतका बारीक हिशेब तेथे आहे.

लेण्यांना कर्ता होता, हे खरेच. पण लोकांनी ठरवलेला कर्ता तो नव्हता. पांडवांचे नाव घेऊन प्रश्न मिटल्यामुळे समोरची भिंत वाचण्याची निकडच कोणाला वाटली नाही. विश्वाच्या उत्पत्तीसंबंधी माणसाने विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेली उत्तरे यांचा विचार करताना मला हे उदाहरण नेहमी उपयोगी पडते.

प्रश्न मात्र वाईट नाही. तो सर्व प्रश्नांत निर्मळ असावा. आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री मुले झोपायला जातात, तेव्हा पाचवीतला एखादा हमखास विचारतो, ‘‘सर, हे एवढे तारे कोणी केले?’’ प्राचीन काळच्या ऋषीलाही तोच प्रश्न पडला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे सूक्त, ज्याला आपण नासदीय सूक्त म्हणतो, त्याचा कर्ता शेवटी अशा जागी येऊन थांबतो की, ही सृष्टी कोठून आली हे सर्वांत वर बसलेल्यालाही ठाऊक असेल की नाही याची त्याला शंका वाटते. ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. वेदांशी आपले भांडण आहे म्हणून त्यातील प्रत्येक ओळ त्याज्य, असे म्हणणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

परंतु त्याच मंडलात ९० वे सूक्तही आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या यज्ञातून सारी सृष्टी निघते आणि बाराव्या ऋचेपर्यंत येता येता त्याच्या मुखाशी ब्राह्मण, बाहूंशी राजन्य, मांड्यांशी वैश्य आणि पायांशी शूद्र जोडला जातो. नासदीय सूक्तातील शंका पंडितांच्या चर्चेत राहिली. पुरुषसूक्त पूजाविधीत गेले आणि त्यातील कल्पना मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात कायदा होऊन बसली. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र कोण होते?’ या इंग्रजी ग्रंथात नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. जगाच्या उत्पत्तीच्या कथा सर्वच समाजांत आहेत. इजिप्तच्या लोकांचा ख्नुम देव माणसे घडवतो, बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथात सहा दिवसांत सृष्टी होते. त्या कथा कुतूहलाचा विषय म्हणून वाचता येतात. पुरुषसूक्ताच्या त्या दोन ऋचांची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे विश्वाच्या उत्पत्तीबरोबर समाजाची उतरंडही दैवी ठरते. ज्याने सूर्य-चंद्र केले त्यानेच ही उतरंड केली असेल, तर तिच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? आणि आपले पूर्वज तर त्या देहाच्या पायांतही नव्हते. ते गावकुसाबाहेर होते.

म्हणूनच ‘हे सर्व कोणी केले?’ हा प्रश्न आपल्या समाजासाठी केवळ आकाशाचा राहिला नाही. त्याच्या उत्तरावर आपण पाणी कोठे भरायचे हे ठरत होते.

या कथेला सर्वांत जुने आणि सर्वांत खेळकर उत्तर दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तात आहे. श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्षुसंघात येण्याची वाट पाहत राहिले होते. घर सोडून श्रमणांत मिसळल्याबद्दल ज्ञातिबांधव तुम्हाला काही बोलत नाहीत का, असे तथागतांनी त्यांना विचारले. खूप बोलतात, असे त्यांनी सांगितले. आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले आणि तुम्ही त्याच्या पायांतून निघालेल्या मुंडकांत जाऊन बसलात, असे ते म्हणतात. यावर तथागतांनी कोणता तत्त्वज्ञानाचा सिद्धान्त मांडला? कोणताच नाही. ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे, एवढेच ते म्हणाले. घरोघरी घडणाऱ्या बाळंतपणाने दैवी जन्माचा दावा तेथेच निकालात निघतो.

त्यानंतर त्याच सुत्तात जगाच्या आरंभाची एक गोष्ट येते. जग आकुंचन पावते, पुन्हा विस्तारते. सर्वत्र पाणी आणि अंधार असतो. मग तापवलेले दूध निवताना त्यावर साय धरावी तशी पाण्यावर पृथ्वीची साय धरते. प्राणी ती चाखतात, त्यांना गोडी लागते. पुढे आपोआप उगवणारे तांदूळ येतात. रोज लागेल तेवढेच आणण्याऐवजी कोणी एक आळशी दोन वेळचे आणतो, दुसरा चार दिवसांचे, आणि साठवण सुरू होते. साठवणीतून बांध येतात, बांधांतून चोरी, चोरीतून खोटे बोलणे आणि मारहाण. शेवटी लोक एकत्र जमतात आणि आपल्यातील एकाला निवडतात : तू न्याय कर, आम्ही तुला तांदळाचा वाटा देऊ. त्याचे नाव महासंमत, म्हणजे बहुजनांनी संमत केलेला. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र ही नावे त्या एकाच माणसांतून कामापरत्वे पडली, असे सुत्त सांगते. या गोष्टीत निर्माता कोठेही नाही. मालमत्ता, राज्य आणि वर्ग या तिन्ही गोष्टी माणसांनी आपापसांत, गरजेपोटी आणि लोभापोटी घडवल्या. माणसांनी घडवलेले माणसांना मोडता येते, हा निष्कर्ष वाचणाऱ्याने स्वतः काढायचा.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ब्रह्म्याच्या जन्मकथेचा जो समाचार घेतला, तो वाचताना मला अग्गञ्ञ सुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. गर्भ मुखात राहिला तर विटाळाचे दिवस कसे पाळले, हा त्यांचा सरळ कुणबी प्रश्न आहे. या सुत्ताचे ऱ्हिस डेव्हिड्स दांपत्याने केलेले इंग्रजी भाषांतर १९२१ साली आले. जोतीराव तर १८९० मध्येच गेले होते. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने दोघांनी त्याच कथेला तोच घरगुती प्रश्न विचारला. मात्र येथे एक गोष्ट आपल्या तरुण वक्त्यांनी लपवू नये. जोतीराव निरीश्वरवादी नव्हते. ते ‘निर्मिक’ मानत होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तो पानोपानी आहे. परंतु त्या निर्मिकाला भट लागत नाही, नैवेद्य लागत नाही, आणि त्याने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच अधिकार दिलेले आहेत. कबीरही ईश्वर मानणारे. बुद्ध, कबीर आणि फुले हे तिघेही बाबासाहेबांचे गुरू. निर्माता मानणे अथवा न मानणे एवढीच एक कसोटी त्यांनी लावली असती, तर ही यादी तयारच झाली नसती.

मग तथागतांची स्वतःची भूमिका काय होती? मालुंक्यपुत्ताची आणि विषारी बाणाची उपमा आपल्या विहारांत वारंवार सांगितली जाते, म्हणून येथे विस्तार करीत नाही. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, हे प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले, कारण त्यांच्या उत्तराने दुःख कमी होत नाही. त्यापेक्षा दोन कमी परिचित कथा मला अधिक महत्त्वाच्या वाटतात.

पहिली ब्रह्मजाल सुत्तातील. जग पुन्हा विस्तारू लागते तेव्हा एक प्राणी ओसाड ब्रह्मविमानात प्रथम जन्मतो. दीर्घ काळ एकटा राहिल्यावर त्याला करमेनासे होते आणि आणखी कोणी येथे यावे असे वाटते. योगायोगाने त्याच वेळी इतर प्राणी आपापल्या कारणांनी तेथे जन्म घेतात. पहिल्याला वाटते, माझ्या इच्छेने हे आले, म्हणजे मीच यांचा निर्माता. नंतर आलेल्यांना वाटते, हा आमच्या आधीपासून येथे आहे, म्हणजे यानेच आम्हाला निर्माण केले. बस्स, एवढ्यावर धर्म उभा राहतो. आधी आलेला मालक होतो आणि नंतर आलेले ते मान्य करतात. वतनांचे आणि गावठाणांचे इतिहास ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

दुसरी केवट्ट सुत्तातील. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते कोठे निःशेष होतात, हा प्रश्न घेऊन एक भिक्षू एकेक देवलोक चढत जातो. प्रत्येक ठिकाणी वरच्याकडे बोट दाखवले जाते. शेवटी महाब्रह्मा भेटतो आणि सांगतो की मी सर्वज्ञ, कर्ता, निर्माता. भिक्षू म्हणतो, मी ते विचारले नाही; माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या. तीनदा असे झाल्यावर ब्रह्मा त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच सांगतो : मलाही ठाऊक नाही, पण या देवांना वाटते की मला सर्व कळते, म्हणून त्यांच्यासमोर बोललो नाही. परतलेल्या भिक्षूला तथागत म्हणतात की, व्यापाऱ्यांनी भर समुद्रात सोडलेला किनारा शोधणारा पक्षी जमीन न दिसल्यास जहाजावरच परत येतो, तसा तू आलास. आणि मग ते त्याचा प्रश्नच दुरुस्त करून देतात. सुत्तांत देव आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती त्या काळाची भाषा होती. पण त्या देवांकडे कर्तेपण नाही आणि सर्वज्ञतेचे सोंग उघडे पडलेले आहे.

निर्मात्यावरील श्रद्धेला तथागतांचा खरा आक्षेप अंगुत्तर निकायात सापडतो, आणि तो आकाशाविषयी नसून आचरणाविषयी आहे. सर्व सुख-दुःख ईश्वराच्या निर्मितीमुळे होत असेल, तर खून करणाराही ईश्वराच्या निर्मितीमुळेच खून करतो. मग हे करावे, हे करू नये, असा यत्नच उरत नाही. सर्व काही पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते म्हणणाऱ्यांनाही त्याच सुत्तात हाच प्रश्न विचारलेला आहे, हे आपण विसरतो. आपल्याकडे म्हणतात, अमक्याच्या दारिद्र्य पाचवीला पुजलेले. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. ज्यांच्या कपाळी पिढ्यान्‌पिढ्या शेणगोठा आणि मेलेली ढोरे ओढणे लिहिले गेले, त्यांच्या घरात ही म्हण फार खोल रुतलेली आहे. निर्मात्याचे नाव पुसले गेले तरी कपाळावरचे अक्षर शिल्लक राहते, असे मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिले आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. तिच्याकडे मी खगोलशास्त्रातील विधान म्हणून पाहत नाही. ज्या कर्त्याच्या नावाने आपली जागा ठरवली गेली, त्याच्याशी असलेले नाते त्या दिवशी तोडले गेले. उत्पत्तीविषयीचा बौद्धिक युक्तिवाद बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेगळा मांडला आहे : ईश्वराने जग शून्यातून केले की कशापासून तरी केले? शून्यातून काही होते हे मानता येत नाही. कशापासून तरी केले म्हणावे, तर ते आधीच होते, आणि मग ईश्वर त्याचा निर्माता राहत नाही.

आता विज्ञानाकडे. येथे आपल्या लोकांचा उत्साह थोडा आवरला पाहिजे, म्हणून दोन माणसांची गोष्ट सांगतो.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९२७ साली त्यांनी गणिताने दाखवले की विश्व प्रसरण पावत आहे. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवावा, तसे ठिपके एकमेकांपासून दूर जातात, तशा दीर्घिका दूर जात आहेत. १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ मिळाले. १९३१ साली लमेत्र यांनी विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा अशी कल्पना मांडली. तिलाच पुढे महास्फोटाचा सिद्धान्त म्हणू लागले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्तातून ईश्वराच्या निर्मितीला पुष्टी मिळते असे सुचवले. धर्मगुरू असूनही लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून पूर्णपणे अलग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आस्तिकाने तो स्वीकारावा, नास्तिकानेही स्वीकारावा. उद्या तो चुकीचा ठरला तर कोणाच्या श्रद्धेला तडा जाऊ नये.

दुसरे आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. देवभोळेपणावर आणि फलज्योतिषावर त्यांच्याइतकी कठोर टीका महाराष्ट्रात थोड्या शास्त्रज्ञांनी केली असेल. आणि तरीही महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. गुरू फ्रेड हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धान्तावर आणि नंतर त्याच्या सुधारित रूपावर ते काम करीत राहिले. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारखी येणारी एक क्षीण उष्णता सापडली. तिचे तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना टीव्हीवर येणाऱ्या मुंग्या आठवत असतील. त्यांतील अगदी थोड्या मुंग्या या प्राचीन प्रारणाच्या होत्या. या पुराव्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. नारळीकर अल्पमतात राहिले, पण त्यांचे मतभेद पुराव्याच्या भाषेत होते. धर्मगुरू महास्फोटाच्या बाजूने आणि विवेकवादी विरोधात. अशा ठिकाणी ‘विज्ञानाने देव खोटा ठरवला’ किंवा ‘विज्ञानाने देव सिद्ध केला’ या दोन्ही आरोळ्या पोकळ ठरतात.

आपल्या व्यासपीठांवरून अलीकडे तिसरी आरोळी ऐकू येते : महास्फोट बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला होता, अग्गञ्ञ सुत्तात आकुंचन-प्रसरण आहेच. पुराणांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. मग दुधावरच्या सायीत सापेक्षता सिद्धान्त शोधणाऱ्याला काय म्हणावे? ते सुत्त वासेट्ठ आणि भारद्वाज यांना जन्माचा गर्व कसा पोकळ आहे हे दाखवण्यासाठी सांगितले गेले. त्याचे मोल तेथे आहे. उद्या महास्फोटाचा सिद्धान्त बदलला, तर त्याला बांधलेला बुद्धही बदलावा लागेल. लमेत्र यांना हाच धोका दिसला होता.

काही वर्षांपूर्वी पालकसभेत एका मातेने विचारले, ‘‘सर, शाळेत पोरांना देव नाही असं शिकवता का?’’ त्यांच्या घरी बुद्धमूर्तीशेजारी कुलदैवतही आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मी त्यांना म्हणालो की, आम्ही मुलांना प्रश्न कसा धरून ठेवायचा ते शिकवतो. हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही, आणि त्यांचेही बरोबर होते. कारण उलट बाजूचा आळसही आपल्या वर्गांत आहे. परीक्षेत मुले लिहितात, ‘बुद्धांनी सांगितले म्हणून ईश्वर नाही.’ या उत्तराला मी निम्मेच गुण देतो. केसपुत्तच्या कालामांना कोणी सांगितले म्हणून मानू नका असे सांगणाऱ्याच्या नावाने हे वाक्य लिहिले जाते, याचे दुःख होते. पांडवांच्या जागी बुद्धांचे नाव लिहिले म्हणून भिंत वाचून होत नाही.

भिंत वाचण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात कसे चालते, हे पाहायचे असेल तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे. नारायणगावपासून ते जवळच आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण तेथे आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पहिले तारे पेटण्याच्या काळातील हायड्रोजनने सोडलेली २१ सेंटिमीटरची रेडिओलहर विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणली जाऊन आज सुमारे दोन मीटरची होऊन आपल्यापर्यंत पोहोचायला हवी. ती पकडण्याचे प्रयत्न तेथे झाले आहेत. काम अतिशय अवघड आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते, परिसरातील खेड्यापाड्यांच्या शाळा आपापले प्रयोग मांडतात, आणि सहलीला आलेल्या मुलांना तबकड्यांच्या जवळ जाता येते. तेथे मोबाइल बंद ठेवावा लागतो; कारण आकाशातून येणारा तो संकेत इतका क्षीण असतो की खिशातील फोनही त्याला बुडवून टाकतो.